एका बैठकीतल्या नव्वद खुणा

९ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

बाबांच्या उजव्या बाहीत हात घालून झाला होता, डावी अजून लोंबत होती, आणि तुझं पाकीट आलं. अर्ध्या सदऱ्यात बसून बाबा म्हणाले, आधी वाच. वाचलं. मग डावा हात घातला. बटणं ते मला लावू देत नाहीत. चाळीस वर्षं लोकांच्या सदऱ्यांना काजं केली, स्वतःची चार बटणं लावायला मी मेलो नाही, म्हणतात. चार बटणांना एका हाताने अर्धा तास लागतो. तेवढ्यात हे लिहून काढते.

लिफ्टचं वाचून वाईट वाटलं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक बाई तासभर उभ्या, आणि देखभालीच्या कार्डावर त्याच आठवड्यातली तुझी खूण. ब्रेक न बघता केलेली. तू हे लपवलं नाहीस ते बरं केलंस. साहेबांनी तुला पंधरा दिवस गोदामात बसवलं आणि दोन दिवस शिबिराला पाठवलं, ही शिक्षा की सुट्टी ते मात्र मला कळलं नाही.

शिबिरातल्या बाईंनी प्रत्येकाला स्वतःसाठी तीन उद्दिष्टं ठरवायला लावली, इथवर ठीक. घरातल्या एका माणसालाही ती ठरवून द्यायची, यात मी सापडले. तू मला दिलेली वाचली. शरीर: रोज चाळीस मिनिटं चालणं. मन: रोज एका माणसाशी बाबांचा विषय सोडून बोलणं. आत्मा: रोज दहा मिनिटं गप्प बसणं. कार्ड लिफ्टचंच पाठवलंस हेही दिसलं. दोर, ब्रेक, दार खोडून वर शरीर, मन, आत्मा लिहिलंस. आत्मा दाराच्या जागी आला आहे. बाबा ते ऐकून बऱ्याच दिवसांनी हसले.

चालण्याऐवजी दुसरं काही चालेल का? पाठ जरा धरली आहे. डॉक्टर बाबांना बघायला आले होते, त्यांना जाता जाता दाखवली. काही विशेष नाही. मशीनवर बसून धरतेच. सध्या काम बरंच आहे, सगळ्या गावाला पँटी लांब होतायत.

तिसरं बटण झालं. थांबते. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला सवड कुठली.

तुझी
ताई


१७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बदल मिळणार नाही. बाईंनी बजावलं आहे की समोरचा माणूस पहिल्याच पत्रात सवलत मागेल, ती द्यायची नाही. तुला त्या ओळखत नाहीत तरी त्यांनी तुला अचूक ओळखलं. पाठ धरते ती बसून बसून. चाललीस की सुटेल. बाबांना शेजारच्या मास्तरांकडे सोपव आणि चाळीस मिनिटं बाहेर पड. मास्तरांना तरी कुठे काम आहे.

फोन करायचा नाही, हाताने लिहायचं, हेही त्यांचंच. फोनवर माणूस 'बरं आहे' म्हणतो आणि सुटतो.

माझं सांगतो. शरीर: दहाला झोपणं. पडतो दहाला, झोप येईल तेव्हा येते. मन: पाहिल्याशिवाय खूण न करणं. गोदामात खुणा करायला काही नाही, त्यामुळे हे रोज जमतं. आत्मा: दहा मिनिटं गप्प. पाचव्या मिनिटाला घोरतो असं ही म्हणते.

लिफ्टमधल्या त्या बाई बाहेर आल्या तेव्हा मी दारातच होतो. शिव्या खायची तयारी करून उभा होतो. त्यांनी पिशवी नीट धरली आणि एवढंच म्हणाल्या, की मी तीन हजार सहाशेपर्यंत मोजलं. मग जिन्याने गेल्या. तेव्हापासून, ताई, मला काही करवत नाही. काम करतो, जेवतो, चौसष्ट पायऱ्या चढून घरी येतो. कुणी विचारलं तर दमलो म्हणतो. कशाने ते सांगता येत नाही.

तर तू तरी तुझं कार्ड भर. महिना झाला की पाठव. आपल्या दोघांत एकजण तरी ठीक आहे हे मला लेखी हवं आहे.

बाबांना नमस्कार. राग आला तर पाठव, लोभ मात्र अडवून ठेवू नकोस.

तुझा
धाकटा


१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

कार्ड सोबत आहे. तीस दिवस, तीन रकाने, एकही जागा रिकामी नाही. चालल्याने बरं वाटतं. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याशी बोलते. तो फार बोलतो, त्यामुळे माझं उद्दिष्ट दोन मिनिटांत उरकतं. गप्प बसण्याला तर माझ्याइतकी सवय कुणाला.

आता त्या बाईंचं मनाला लावून घेणं सोड. त्या जिन्याने गेल्या म्हणजे पाय शाबूत होते.

लेखी हवं होतं ना, दिलं. प्रेम तोंडीच राहू दे.

तुझी
ताई


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर मोठं येतं, म्हणून मजकूर कमी. तीन दिवस लागले. तुझी बहीण आत इस्त्री करते आहे. पत्र मास्तर टाकतील. तिला माहीत नाही.

ती चालायला जात नाही. चष्मेवाल्याने डिसेंबरातच दुकान हलवलं. तिच्या कमरेतली चकती सरकली आहे. डावा पाय बधिर होतो. डॉक्टरांनी चालणं, वाकणं, उचलणं बंद सांगितलं. तीन आठवडे सपाट पडून राहायचं. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतरही पायाची खात्री नाही. हे सगळं माझ्यासमोर बोलले. ज्याचा हात गेला त्याचे कानही गेले असं डॉक्टरांना वाटतं.

ती मला दिवसातून अकरा वेळा उचलते. मी मोजतो. दुसरं काम नाही.

मला कुणी कार्ड दिलं नाही. दिलं असतं तर असं भरलं असतं. शरीर: खुर्चीतून आपलं आपण उठणं. जमत नाही. मन: तिच्यावर न ओरडणं. निम्म्या वेळा जमतं. आत्मा: इथून जायचं. घाबरू नकोस, मरायचं म्हणत नाही. तुझ्याकडे यायचं म्हणतो.

तुझ्या पायऱ्या मला ठाऊक आहेत. माझं हे अंग गेल्यापासून चार वर्षं आपण सगळे मिळून त्या मोजतो आहोत. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, यावर हसूनही झालं. आता पुढचं बोल.

हात दुखला.

बाबा


२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. त्यांना ओरडू नकोस.

आता माझं ऐक. तुझं कार्ड बाबांच्या पत्राच्या चार दिवस आधी आलं होतं. मी पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्याच ओळखलं. नव्वद खुणा, एकच पेन, एकच कल. पहिल्या दहा ठसठशीत, मग शाई फिकी होत गेलेली, पंचाहत्तरीनंतर हात घाईला आलेला. रोज एक खूण करणाऱ्याची एक तरी तिरकी जाते, एखादी राहते, एखादीवर चहाचा डाग पडतो. महिनाभराचं कार्ड एका बैठकीत भरलं की ते असं दिसतं. मी स्वतः अशी कितीतरी भरली आहेत. त्या इमारतीचं कार्डही असंच होतं.

म्हणजे मला समजलं होतं. तरी मी ते खणात ठेवलं आणि हिला सांगितलं, ताई मजेत आहे. चार दिवस मी काही केलं नाही. बाबांनी लिहिलं नसतं तर अजूनही केलं नसतं. विचारलं की पुढचं करावं लागतं, म्हणून विचारलं नाही. चालायला मनाई असलेल्या माणसाला मी चाळीस मिनिटं चालायला लावत होतो, आणि वर सवलत मिळणार नाही म्हणून ऐट केली.

पायऱ्यांचं असं. आम्ही चौघं मिळून लिफ्टच्या मोटरी गच्चीवर चढवतो. त्यांच्यापुढे बाबा काहीच नाहीत, फक्त मोटर मध्येच सूचना देत नाही. कामावरचे लांब्या, भाऊजी आणि वेल्डर येतो म्हणाले. पट्टे आहेत, पुढे दोघं, मागे दोघं. रविवारी, दोन तारखेला, दहाला तुझ्या दारात असू. घरी हिला विचारलं. ती म्हणाली, हे विचारायला चार वर्षं का लागली.

सध्या माझा नमस्कार तेवढा घे. लोभाचं मागायला तोंड नाही.

धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास.

रविवारी येऊ नका.

बाबा म्हणजे मोटर नाहीत. तुमच्या वरच्या मजल्यावर गेल्यावर ते खाली कसे येणार, डॉक्टर वर येतील का, दिवसा तुम्ही दोघं कामावर असताना त्यांना संडासला कोण नेणार, यातलं काही ठरवलंस का? की एक दिवस चौघांनी अंगमेहनत करायची आणि अपराध फिटला? चार वर्षं मी केलं ते चुकीचं होतं असं तुझ्या पत्रात कुठे नाही, पण मी ते तसंच वाचलं.

बाबांशी दोन दिवस बोलले नाही. मग ते म्हणाले, बोल, तुझं दुसरं उद्दिष्ट राहिलं आहे. मला हसू आलं आणि हसताना कमरेत कळ आली, तशी भिंतीला धरून उभी राहिले. ते बघत होते. उठू शकत नव्हते. आम्ही दोघं तसेच थांबलो, कळ जाईपर्यंत.

कार्ड मी भरलं ते तुला फसवायला नाही. तू लिहिलंस, एकजण तरी ठीक आहे हे लेखी हवं. मला वाटलं, एवढं तर देता येईल.

खरं सांगते. ते तुझ्याकडे गेले तर मी पडेन, आणि पडले तर पुन्हा उठावंसं वाटणार नाही, याची भीती आहे. डॉक्टरांना हे सांगितलं नाही. त्यांनी कमरेचं विचारलं होतं.

ताई


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

रविवारी ये. ती नको म्हणेल. मी हो म्हणतो. घर माझ्या नावावर आहे, शरीरही.

दिवसा मला मास्तरांचा पुतण्या बघेल. तो तुमच्याच भागात राहतो आणि आजारी माणसांचीच कामं करतो. मास्तरांनी ठरवलं. डॉक्टरचं तू बघ.

बाबा


२ मार्च, दुपार

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही गेलात त्याला दोन तास झाले. आता वर पोचला असाल किंवा मध्येच कुठल्या तरी वळणावर टेकला असाल. नीट कळव. किती वेळा टेकलात तेही कळव, बाबा वेगळा आकडा सांगतील.

सकाळी मी दार उघडलं तेव्हा नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. तुझं तोंड बघितलं. तू वाळला आहेस. मग म्हणणं राहून गेलं. लांब्याला आत येताना चौकट लागली, आणि बाबांनी त्याला पहिलीच गोष्ट सांगितली की पँटची शिवण उजवीकडे पळते आहे, कुणाकडे शिवलीस. तो बिचारा म्हणाला, तयार घेतली. बाबा म्हणाले, दिसतंच आहे. पट्टे बांधताना ते अंग सैल सोडून बसले. मला कधी सैल सोडत नाहीत, मला जड होऊ नये म्हणून सगळं अंग ताठ धरतात, आणि त्यानेच जास्त जड होतात. हे मला आज कळलं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. सदरा घालताना उजवा हात आधी, तो वाकत नाही. काढताना उलट. पाणी घोटाघोटाने. ओरडले तर दुसऱ्या खोलीत जाऊन थोडं थांबावं, मग ते आपणच काहीतरी विषय काढतात. रात्रीच्या गोळीला ते रोज नाही म्हणतात, एकदाच सांगावं, दुसऱ्यांदा सांगितलं की हट्टाला पेटतात.

निघताना तू उद्दिष्टांचं काही बोलला नाहीस, त्याबद्दल आभारी आहे.

तुम्ही वळलात तशी मी आत आले. घरात आवाज नाही. मशीनवर झाकण घातलं. जमिनीवर सतरंजी टाकून डॉक्टरांनी सांगितलं तशी पडले. हेही पडूनच लिहिते आहे, म्हणून अक्षर बाबांसारखं येतं आहे. छताला एवढी जाळी लागली आहेत हे चार वर्षांत पाहिलं नव्हतं. दिसली, तरी काढायला उठले नाही.

रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. फक्त दमणूक आहे. तुझी आहे तीच बहुतेक. तुला सांगता येत नव्हती, मलाही येत नाही. लिफ्टमधल्या त्या बाईंना जाऊन एकदा भेट. काही बोलू नकोस, नुसता भेटून ये. हे उद्दिष्ट म्हणून देत नाही.

बाबांना माझा नमस्कार सांग आणि वहिनीला प्रेम. तुझ्या वाट्याचा लोभ उरला आहे, तो इथेच ठेवते, येऊन घेऊन जा.

तुझी
ताई

ता. क. सोमवार, सकाळ. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून पुढे लिहिते. सव्वाआठला दार वाजलं. पँट कमी करायला दिलेले गृहस्थ असावेत, आजचा वायदा होता. दोनदा वाजवून ते थोडा वेळ थांबले, मग गेले. मी जागी होते. उठले नाही.