मोरीकाठची विलो

आबा,

परवा मिरजेला डोळे दाखवायला गेलो होतो. दवाखान्याच्या बागेत, हौदाच्या कडेला ते झाड उभं होतं. बारीक लांब पानं, आणि न्हाऊन केस मोकळे सोडावेत तशा जमिनीपर्यंत उतरलेल्या फांद्या. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धुकट दिसत होतं, तरी ओळखलं. विलो. तिच्या पलीकडे तुम्ही उकिडवे बसला आहात असं वाटून मी उगाच थांबलो. नर्सबाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आलो. घरी आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. सांगलीत तुम्ही लावलेली फांदी लागली नाही, असं मी तुम्हाला कळवलं होतं. ती लागली होती, आबा.

कोयनानगरच्या धरण वसाहतीत तुम्ही माळी होतात. सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालेलं, मी कॉलेजातून सुटीला आलेलो. मोठ्या साहेबांच्या बाईंनी बंगल्यापुढच्या शोभेसाठी ही विलो उत्तरेतून कुठूनशी आणवली होती. ती जशी वाढली तशी मान टाकू लागली, आणि तुमचा जीव थाऱ्यावर राहीना. तहानली असेल म्हणून घागरीवर घागरी पाणी. वाकली म्हणून चारी बाजूंनी बांबू रोवलेत आणि एकेक फांदी सुतळीनं वर बांधलीत. कवायतीला हात वर करून उभ्या राहिलेल्या पोरीसारखी दिसत होती ती. बाई व्हरांड्यात आल्या आणि हसत सुटल्या. "अहो माळीबाबा, ती अशीच असते. सोडा तिला." तुम्ही गुमान गाठी सोडल्यात, पण घरी आल्यावर धुसफुसलातच. "एवढं पानी पिऊन मान खालीच? सासुरवाशीण हाय काय ही?"

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या वाळुंजाची एक डहाळी तोडून आणलीत आणि विलोच्या पानाशेजारी धरलीत. "बघ. आपल्या वाळुंजाची भैन हाय ही. लय लांब दिली, एवढंच." मला ते इतकं भावलं की मी त्यावर कविता केली आणि शाळेतल्या चालीवर तुम्हाला म्हणून दाखवली. तुमची विडी विझून गेली तरी तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, "ब्येस हाय. पर तिला पानी घालायचं ऱ्हायलं की रं तुझ्या कवितेत."

पुढं मी सांगलीत मास्तर झालो. लग्न झालं. हळदीच्या पेठेमागं दोन खोल्या घेतल्या. मागच्या खोलीत मी लिहायला बसायचो; तिची खिडकी परसात उघडायची. त्याच सुमारास तुमची नोकरी संपत आली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि क्वार्टर सोडावी लागणार होती. एका रविवारी तुम्ही एसटीतून उतरता. काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली विलोची हातभर फांदी. चहासुद्धा न घेता तुम्ही मोरीचं पाणी कुठं जातं ते बघता, तिथंच खड्डा करून ती रोवता आणि टाचेनं माती दाबता. तुमची रीत मला ठाऊक होती. गाव सोडून वसाहतीत आलात तेव्हाही आधी शेवग्याची फांदी लावून गेला होतात, आणि तिला पालवी फुटल्यावरच आईला घेऊन आलात. नव्या जागेत आधी झाड जायचं, मग तुम्ही. राहायला येऊ का, असं तोंडानं विचारणं तुम्हाला कधीच जमलं नाही.

"लागली तर कळीव," जाताना म्हणालात.

"आवं, न लागायला काय झालं? मी पानी घालीन की रोज," तुमची सून म्हणाली. आणि तिनं खरंच घातलं. भांडी घासून झाली की शेवटचा तांब्या त्या फांदीला. तीन आठवड्यांनी ती मागच्या खोलीत माझ्याकडे धावत आली. "उठा, बघा तर! डोळे फुटलेत." तांबूस हिरवे, तांदळाच्या कणीएवढे डोळे. तिनं त्याच दिवशी मागच्या खोलीतलं एक फडताळ तुमच्यासाठी रिकामं केलं. माझ्या कवितांच्या वह्या उचलून पुढच्या खोलीत, पिठाच्या डब्यावर ठेवल्या.

दोन दिवसांनी ती बाजारात गेली असताना मी ती फांदी उपटली. सहज नाही निघाली. खाली पांढरी मुळं धरली होती, दोऱ्यासारखी. मग पोस्टात जाऊन तुम्हाला कार्ड टाकलं. ती परत आली, मोरीकडे गेली, तिथं बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी वह्या फडताळात होत्या तशा परत लावल्या.

क्वार्टर सोडून तुम्ही गावी काकांकडे गेलात. तिथून तुमचं उत्तर त्यांच्या अक्षरात आलं, पण बोल तुमचेच होते. "वाळुंजाच्या जातीचं झाड न लागणारी जमीन मी अजून बघितली न्हाई. असो. सुनेला आशीर्वाद." तुम्ही गावी भावाकडेच राहिलात. पुढच्याच थंडीत तुम्ही गेल्याची तार आली.

भावकीत ठरूनच गेलं, की सुनेनं सासऱ्याला थारा दिला नाही. तुमच्या दिवसांना बायका तिच्या तोंडावर बोलल्या. ती खाली बघून पानं वाढत राहिली. जन्मभर तिनं ते सोसलं. तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली. त्या मागच्या खोलीत बसून मी काय लिहिलं म्हणाल, तर धड एक कविता नाही. पण खोली मलाच हवी होती, आबा. तिला तुम्ही हवे होतात.

हे खरं तर तुमच्या पुतण्याला पाठवायला हवं. चार माणसांत त्यानं वाचून दाखवलं तर तिच्या नावावरचा डाग तरी जाईल. पाकिटावर त्याचा पत्ता लिहून ठेवलाय, तिकीटही लावलंय. पण दर दिवाळीला तो गाडी पाठवून मला जेवायला नेतो, आणि बोलावणारं आता तेवढंच एक घर राहिलंय. मी नाही पाठवणार.