कानाचं एक भोक जास्त

तीर्थरूप ताईस,

शिंक आवरून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींची झोप, दोन्ही ठीक असतील असं धरून चालते. माझं विचारशील तर माझं शरीरच माझ्यावर उलटलंय. रोगाशी लढणारी जनुकं उंदराच्या अंगात नेमकी कुठे बसलीत, याचा नकाशा करता करता माझे केस पिकले. आणि आता माझ्या अंगातल्या शिपायांनी ठरवलंय, की जगात शत्रू एकच, उंदीर! कशाची ॲलर्जी आहे ते कळावं म्हणून डॉक्टरांनी हातावर एकेका गोष्टीचा अर्क टोचून पाहिला. मी म्हटलं, "धुळीनं होत असेल." ते म्हणाले, "बाई, धुळीचा फोड मोहरीएवढा, उंदराचा लिंबाएवढा. कुणाला फसवताय?"

प्रयोगशाळेत हे कळलं तर उंदरांच्या खोलीतून हलवतील, म्हणून मी गप्प बसले. तिथं एक उंदीर आहे. कसलेही जंतू टोचा, हा खाऊनपिऊन ढाराढूर. मिशाही तशाच, म्हणून मी त्याला भाऊजी म्हणते (घरी बोलू नकोस). नकाशातली शेवटची जागा मला त्याच्याच पिल्लांमुळे सापडली. आमच्याकडे कानाला पाडलेली भोकं हाच उंदराचा नंबर. भाऊजींचं भोक बुजत आलं होतं, ते पुन्हा पाडताना मला शिंक आली आणि एक जास्तीचं पडलं. त्यानं झालेला नवा नंबर मागेच वारलेल्या उंदराचा निघाला.

आमच्या साहेबांनी पिंजऱ्यावर वाकून भोकं मोजली. "हा मेलाय ना?"

"हो, पण आता बरा आहे," मी म्हटलं.

कागदोपत्री मेलेल्यानं असं दाणे खात बसणं शिस्तीत बसत नाही, म्हणून सोमवारी त्याला खरोखर मारायचं ठरलं. शेवटी मी शिंकेची कबुली दिली. साहेबांनी मला वरच्या मजल्यावर धाडलं. हुकूम मात्र तसाच ठेवला. निरोप घ्यायला गेले, तर हा माझ्या हातमोज्यावर बसून निवांत मिशा पुसत होता. वर नाक कोरडं राहतं गं, पण करमत नाही.

भाऊजींना (दोन पायांच्या) नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता.क. मेलेला उंदीर हरवला तर कुणी शोधत नाही. माझ्याकडे ठेवला तर माझा श्वास कोंडतो. तू सांभाळशील ना? (ते जंतू माणसाला शिवत नाहीत.)

दुसरा ता.क. तुला उंदरांची भीती वाटते हे मी विसरलेले नाही. म्हणूनच हे पत्र डब्याच्या झाकणाला चिकटवलं, आधी वाचावंस म्हणून. ते ओढताना झाकण निघालं असेल, तर पाय वर घे.