कड्याच्या वाटेवरचं गाऱ्हाणं

१२ जानेवारी २०१४, रविवार

ठरलं. २ फेब्रुवारीला जायचं. आम्ही अकराजणी, सगळ्या तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला बसणाऱ्या. दर वर्षी हळदीकुंकवाला प्लास्टिकची वाटी द्यायची आणि प्लास्टिकची वाटी घ्यायची. घरात बावीस वाट्या झाल्या. मी म्हटलं, यंदा वाटी नको, एक दिवस कुठेतरी चालायला जाऊ. कोमलने लगेच फोनवर फोटो दाखवला. घाटाखाली नदीने डोंगर चिरलाय, त्या कड्याला लोखंडी फळ्या ठोकून वाट केली आहे. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला कठडा, खाली नुसती हवा. दोन तासांची चाल. पूर्वी पाटाचं पाणी सोडणारे लोक तिथे हातभर कपारीवरून जायचे म्हणे.

विमला म्हणाली, "गो सुलोचना, पडलंय तर?" मी म्हटलं, पडलीस तर पुढच्या वर्षी तुझ्या नावाने वाट्या वाटू.

१४ जानेवारी

गाडी मिळाली. चपला चालत नाहीत, बूट पाहिजेत. साहेबाला विचारलं, कारखान्याचे कापडी बूट रविवारी घालू का. तो हसला. हसला म्हणजे हो.

१७ जानेवारी

विमलेने खोडा घातला. जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय ती कड्यावर पाय ठेवणार नाही. म्हटलं, नारळ मी फोडते. म्हणे नारळ फोडून काय, बोलायचं कोणी? मोठ्याने, आणि पुरुषाने. तिचं ऐकून आणखी सहाजणी मागे सरल्या.

वाटेवर सरकारने नेमलेला माणूस आहे, सगुण नावाचा. त्याला फोन लावला, तुम्हीच घाला म्हटलं. तो म्हणतो, "बाई, आमकां हेल्मेट दिवपाची ऑर्डर आसा. गाऱ्हाण्याची ना."

पुरुष एकच आहे हाताशी. आणि तो उठत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

माझा घरकार बाबली. चोवीस वर्षं इथल्या खाणीवर. नवा थर कापायचा असला की पहिल्या सुरुंगाआधी गाऱ्हाणं तोच घालायचा. आवाज असा, की पार खालच्या खड्ड्यातले शॉवेलवाले "व्हय म्हाराजा" म्हणायचे. खाण बंद होऊन सोळा महिने झाले. तेव्हापासून सोप्यावरच्या खुर्चीत. टीव्ही नाही, दारू नाही. दारू असती तर भांडायला तरी सापडला असता. फाटकाबाहेर चारदा गेला, त्यात दोन मयतं. डॉक्टर म्हणाला, बाहेर काढा, नाहीतर असाच बसून संपेल.

मला ती वाट बघायची आहे हे खरं. त्याला उठवायचं आहे हे जास्त खरं. इथे लिहिते. बायकांना सांगणार नाही.

२० जानेवारी

विचारलं. "माका नाका."

२१ जानेवारी

परत विचारलं. "इकरा बायलांत हांव एकटो दादलो? लोक हांसतले." म्हटलं, लोक कुठे आहेत, दरीत?

२५ जानेवारी

बटाट्याची सुकी भाजी ठरली. पातळ सांडते. पोदेराला छत्तीस पाव सांगितले, प्रत्येकी तीन. विमलेने लगेच हिशेब केला — बारावं कोण? मी म्हटलं, बाबली येतो.

तो हो म्हणालेला नाही. तोंडातून गेलं ते गेलं.

२९ जानेवारी

विमला बसमधून माझ्याबरोबरच उतरली आणि थेट सोप्यावर. "बाबलीभाऊ, तुमी येतात म्हणान आमी येतंव. तुमी ना, तर हांवय ना." त्याने माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडायला घेतले.

ती गेल्यावर म्हणाला, "फट मारलीस."

म्हटलं, मारली थाप.

मग म्हणाला, "नारळ घरचो घे. विकतचो नाका."

२ फेब्रुवारी, रविवार

वाटेच्या तोंडाशी बाबलीने नारळ ठेवला. मागे आम्ही पिवळी हेल्मेटं घालून उभ्या. सोळा महिने न वापरलेला आवाज, पहिल्याच शब्दाला फाटला. मग लागला. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा —" आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. मग म्हणतो, "आज नवो थर कापतांव. गड्यांक सांभाळ. शॉवेलवाल्या रघुनाथाक सांभाळ. सुरुंग फसलो जाल्यार कोणाक इजा करूं नाका —"

आम्ही आपल्या व्हय म्हाराजा म्हणतोच आहोत. रघुनाथ आता माशांचा टेंपो चालवतो.

मग त्याला कळलं. थांबला. कोमल हसायला लागली, तिला कोपराने ढोसलं. मला वाटलं, आता हा गाडीत जाऊन बसणार आणि परत कधी उठणार नाही. सगुण बाजूला टोपी काढून उभा होता. म्हणाला, "चुकलें जाल्यार परत सांगात. तो आयकता." बाबलीने परत सांगितलं. अकराजणींची नावं घेतली. माझं शेवटी.

वाटेवर मी कठडा सोडला नाही, एवढंच लिहिते. पडण्याची धास्ती घेतलेली विमला आम्हा बायकांत सगळ्यांत पुढे. बाबली कातळावर मूठ ठोकायचा, कान लावायचा, मग पुढचं पाऊल. सगुण म्हणाला, असं केलं तर संध्याकाळ होईल. एका ठिकाणी बाबलीने सगळ्यांना मागे घेतलं. "हांगा पोकळ आसा." सगुणाला काही दिसेना. पहार आणायला लावली. एकदाच टोचली. टोपलीएवढा दगड सुटला, फळीवर आदळला, फळी वाकवून खाली गेला. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला.

मग विमला म्हणाली, "परतूंया. भाजी आंबतली."

अर्धी वाट बघायची राहिली. येताना त्याने गाडीत तीन पाव खाल्ले आणि माझ्यातला एक.

६ फेब्रुवारी

सगुणाचा फोन आला, माझ्या फोनवर, पण हवा होता बाबली. पाऊस लागायच्या आत सगळा कडा ठोकून बघायचा आहे, दगड ओळखणारा माणूस पाहिजे. तिथेच खोली देतात. बाबली अंगणात फिरत फिरत बोलला. आवाज शेजारी गेला असेल.

७ फेब्रुवारी

"जावं काय?" म्हणून त्याने विचारलं. म्हटलं, पाय तुमचे.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या बसने गेला. शनिवारी येतो म्हणाला. कुठल्या शनिवारी, ते मी विचारलं नाही.