केदारनाथ बोलला

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारीच दुकान बंद केलं. रोहिणीचा फोन – "भावजी, यांना चौसाळ्याजवळ टेम्पोनं उडवलं. तुमी या." धाकट्या भावाच्या बायकोचा आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला.

नांदूरघाटहून बीडला आलो. केदारनाथच्या उजव्या मांडीचं हाड मोडलंय. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून वाचला. पायाला वजन बांधून ठेवलंय, ऑपरेशन सोमवारी. मी कॉटजवळ गेलो तर रोहिणीला म्हणाला, "यांना कुणी बोलावलं?"

आई गेली तेव्हा तिची समाधी माझ्या वाटणीच्या रानात झाली. त्याला ती त्याच्या रानात हवी होती. तेव्हापासून बोलणं बंद. गल्ली एकच, तरी.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर व्हरांड्यात. नळावर हात-तोंड धुऊन बाकावरच लिंगपूजा केली. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर, नजर दाराकडं. अशी पूजा कसली!

संध्याकाळी रोहिणी बाहेर आली. "तुमाला बोलवायलेत."

आत गेलो. केदारनाथ म्हणाला, "आण्णा, उभा कावून? बस की." बसलो. माझा हात धरला. "जेवलास का?" मान हलवली.

शेजारच्या कॉटवर धर्मराज म्हणून एक पाय मोडलेला माणूस आहे, फार बडबड्या. म्हणाला, "लई गोडी हाय बे तुमच्यात. आमचा भाऊ फक्त वाटणीच्या टायमाला येतो." खोटं का होईना, ऐकायला बरं वाटलं.

पाय मोडून का होईना, देवानं भाऊ परत दिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी त्याच्याजवळच बसलो. त्याच्या अंगात कणकण. श्वास भरभर, जिना चढून आल्यासारखा. मधेच म्हणाला, "आण्णा, आईला सांग, मला यायला उशीर हुईल." रोहिणी म्हणाली, "सुईच्या गुंगीत हायेत." नर्सही तेच म्हणाली – दुखण्याच्या सुईनं होतं असं. मलाही ते पटलं. पटवून घेतलं.

दुपारी रुद्राणी मॅडम आल्या. ऑपरेशनच्या आधी तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टर. विचारलं, दारू घेतात का? रोहिणीला रागच आला – "आमच्यात सोमवारी कांदा सुदिक चिरत न्हाईत मॅडम." मग त्यांनी विचारलं, बोलण्यात काही फरक? रोहिणी म्हणाली, "न्हाई, उलट चांगलं बोलायलेत. भावासंग बी बोलायलेत."

कालपासूनचं सगळं तोंडातल्या खडीसाखरेसारखं धरून ठेवलं होतं. थुंकवेना. पण त्याची छाती फार जोरात वरखाली होत होती.

शेवटी सांगितलं. "मॅडम, हा माझ्याशी बोलत नसतो. सात वर्षं झाली. आणि आमची आई वारलीय."

त्यांनी विचारलं, "कधीपासून बोलायला लागले?" काल संध्याकाळपासून. नर्सला विचारलं, ही गुंगीची सुई पहिल्यांदा कधी दिली? ती म्हणाली, काल रात्री. म्हणजे बोलणं सुईच्या आधीचं.

मग सगळंच भराभर झालं. बोटाला चिमटा लावला, रक्तात ऑक्सिजन कमी. खालची पापणी ओढून बघितली. सदरा उघडला, हात वर केला – काखेत, छातीवर, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याखाली खसखशीएवढे लाल ठिपके. काल नव्हते. डोक्याचा आणि छातीचा स्कॅन काढला. डोक्यात रक्तस्राव नाही.

मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात उतरते, बारीक कणांनी फुप्फुसात अडकते, मेंदूतही जाते. मोठं हाड मोडलं की दोन-तीन दिवसांत कधी कधी होतं. "याचं नाव छापून देणारा एक रिपोर्ट नसतो. श्वास, ठिपके, बोलणं – सगळं जुळवून ओळखावं लागतं. बोलण्याचं तुम्ही सांगितलंत ते बरं झालं." औषध म्हणजे मुख्य ऑक्सिजनच. बाकी शरीरानं सोसायचं.

अतिदक्षता विभागात नेताना मला म्हणाला, "आण्णा, तू बी चल."

११ फेब्रुवारी, मंगळवार

काचेतून बघतो. तोंडावर मास्क. कुणालाच ओळखत नाही आता.

पूजेत, बरा कर म्हटलं. काय मागतोय ते कळत होतं. तरी तेच मागितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तसाच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑक्सिजन थोडा कमी केला. ठिपके फिकट झालेत. रोहिणीनं आज दोन घास खाल्ले. मॅडम म्हणाल्या, श्वास नीट झाला की पायाचं ऑपरेशन. बोलतो, पण तुटक. "आण्णा" म्हणाला नाही. मीही पुढं गेलो नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मास्क काढला. मॅडमनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, आज वार कोणता. सगळं बरोबर सांगितलं. आई? "वारली." मग माझ्याकडं बोट केलं – आणि हे कोण?

त्यानं मान वळवून बघितलं. म्हणाला, "थोरले भाऊ हायेत. मी बोलत न्हाई त्यांच्याशी."

मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. मलाही हसू आलं. खाली जाऊन पोटभर जेवलो.