पंचाहत्तर फूट तार

टिळकवाडी, बेळगाव
१८ नोव्हेंबर १९४६

प्रिय उपेंद्र,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असतंस, तरी मला तक्रार करायला तोंड नव्हतं. सात वर्षांत माझं तुला हे पहिलंच पत्र. दर दिवाळीला तुझं एक कार्ड येतं, तेही आईच्या नावानं, आणि त्यात ‘अण्णांना नमस्कार’ एवढंसुद्धा नसतं. ती देवळात गेली की मी ते चोरून वाचतो. निपाणीच्या तंबाखूवाल्यांचे रेडिओ तू दुरुस्त करतोस, खोली गावाबाहेर आहे, जेवणाची आबाळ होत नाही, हे सगळं मला तिथूनच कळलं. माझं तुझ्याकडे एक मागणं आहे. ते शेवटी लिहितो. आधी हकीकत ऐक, कारण ती तुझ्याच यंत्राची आहे.

लढाई सुरू झाली आणि घरगुती बिनतारी यंत्रं बाळगणाऱ्यांची आता धडगत नाही, असं मी कचेरीत ऐकलं. मी पडलो सरकारी वकील. भर दुपारी घरी आलो, शिडी लावली आणि छपरापासून फणसापर्यंत ताणलेली तुझी शंभर फूट तार पत्रा कापायच्या कात्रीनं तोडली. पुन्हा जोडता येऊ नये म्हणून तिचे चार तुकडे केले. नुसती उतरवून ठेवली असती तरी चाललं असतं. तोडायची काहीच गरज नव्हती. पण तुझ्या परीक्षेचा निकाल, दिवसरात्र चाललेली ती खुटखुट, माझ्या अब्रूची काळजी, सगळा राग मी त्या तारेवर काढला. तू संध्याकाळी आलास, ते तुकडे पाहिलेस आणि सकाळी निघून गेलास. भांडला असतास तर मीच जिंकलो असतो, कारण भांडून जिंकण्याचेच मी पैसे घेत आलो. चूक माझी होती, उपेंद्र. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं आणि आजची अख्खी सकाळ लागली.

या मे महिन्यात मी काम सोडलं. जुने कागद शोधायला माळ्यावर चढलो तर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं तुझं यंत्र सापडलं. बोलायचा संच, ऐकायचा संच, बॅटऱ्यांची खोकी, सगळं जागच्या जागी होतं. सोबत तुझी वही. शेवटच्या पानावर तू पेन्सिलीनं लिहिलं होतंस, ‘शंभर फूट तारेवर येळ्ळूर गाव गाठायचं. आवाज तिथं पोचला की मग अण्णांना सांगायचं.’ मी माळ्यावरच बसून राहिलो. आई जेवायला हाका मारत होती आणि मला खाली उतरवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या वहीचा विद्यार्थी झालो. कायद्याची कलमं परवडली, तुझं अक्षर नाही. व्हॉल्व्ह शाबूत निघाले, बॅटऱ्या नव्या आणल्या. तारेचे तीन तुकडे ट्रंकेत होते. चौथ्यावर तुझी आई सात वर्षं धुणं वाळत घालत होती. पहिला पंचवीस फुटांचा तुकडा टांगला तेव्हा माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंतच गेला. सोनाराकडून डाख लावून घेऊन दुसरा जोडला, तेव्हा येळ्ळूरच्या वाटेवर वडगावच्या अलीकडे पोचला. पलीकडे ऐकायला होता येळ्ळूरचा भावकू. तुला आठवत असेल, बांधाच्या खटल्यातला माझा अशील. तो रोज भाजी घेऊन बाजारात येतो. ऐकायचा संच मी त्याच्याच बैलगाडीत चढवून दिला. त्यानं खरंच ऐकलं की माझ्या भिडेनं हो म्हणतोय, हे कळावं म्हणून मी रोज सकाळी अकरा वाजता आमच्याकडे आज भाजी काय आणि कशी झाली, तेवढं बोलायचो. दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन सांगायचा, “वकीलसाब, काल दोडका केलतासा न्हवं? मीठ लई पडलंतं म्हनं!” आई आतून ऐकायची. माझ्या स्वयंपाकाची दवंडी पिटता का, म्हणून दोन दिवस तिनं मला नुसता वरणभात घातला.

मग तिसरा तुकडा जोडला आणि फजिती झाली. उंची हवी म्हणून भावकूनं जोतिबाच्या सासनकाठीसाठी राखलेला वेळू दिला. देवाचा म्हणून बुंध्याला गुलाल लावून, नारळ फोडूनच तो उभा केला. पंचाहत्तर फूट तार झाली. मी ऐटीत दहा मिनिटं बोललो. भावकू आला तो मान हलवतच. “काय बी न्हाय, साब. खरखर बी न्हाय.” नारळ नीट फुटला नसेल, अशी त्याला शंका. मी आठ दिवस तार आणखी ताणत बसलो, मोठ्यानं बोलत बसलो. आम्हा वकिलांची खोडच ती. मुद्दा पटला नाही की आम्ही भाषण लांबवतो. शेवटी वहीत तुझी ओळ सापडली: तार वाढवली की यंत्रातल्या गुंडाळीची वेटोळी कमी करावीत, नाहीतर दोघांचं जमत नाही. मी तार वाढवत गेलो होतो आणि वेटोळी पहिल्या दिवशी होती तेवढीच ठेवली होती. मग एकेक वेटोळं सोडत गेलो. सतरावं सोडलं आणि यंत्रावरचा छोटा दिवा, जो आठ दिवस मिणमिणत होता, लखलखला. दुसऱ्या दिवशी भावकू गाडी न सोडताच ओरडला, “वांगं! भरलेलं वांगं!” येळ्ळूर गाठलं होतं, आणि तेही पंचाहत्तर फुटांत.

ते पंचाहत्तर फुटांत कसं जमलं, हे मला कळेना. तुझ्या हिशोबानं शंभर लागणार होते. वहीत लिहिलं होतं की यंत्राला जोडून जमिनीत पुरलेली नळी जितकी ओली, तितका आवाज लांब जातो. भिंतीतून बाहेर गेलेली तार मी नुसती यंत्राला जोडली होती; तिच्या टोकाची तुझी नळी कुठं पुरली होती, हे मी आईला विचारलं. तिनं न्हाणीमागच्या कर्दळीकडे बोट दाखवलं. त्या कर्दळीला ती रोज दोन बादल्या पाणी घालते. मी समजत होतो, तिला फुलांची हौस. ती म्हणाली, “जाताना म्हणाला होता, आई, इथं पाणी घालत जा. मग नको म्हणून कुणी सांगितलं नाही.” सात वर्षं, उपेंद्र. रोज दोन बादल्या. मी शेजारीच आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतो.

आता तुला हसू येईल. कायद्याच्या नावावर तुझी तार तोडणारा मी, आज साठाव्या वर्षी बिनपरवाना बोलतो आहे. तेव्हा परवान्याचा अर्ज तयार करून सोबत जोडला आहे. तो तुझ्या नावानं केलाय, कारण या विद्येतलं मला ढिम्म कळत नाही आणि खोटं लिहून द्यायचं या वयात जिवावर येतं. सहीची जागा मोकळी आहे.

आणि आता ते मागणं. मी कितीदा म्हटलं, तरी आई त्या माईकसमोर एक अक्षर बोललेली नाही. उपेंद्र ऐकणार असेल तर बोलेन, भावकूला मी काय सांगू, असं तिचं म्हणणं. निपाणीपर्यंत पोचायची या यंत्राची ताकद नाही. पण परवा भावकूला तुमच्या निपाणीच्या वाटेवर काकतीला पाठवलं होतं. तिथल्या टेकडीखाली आवाज स्वच्छ येतो. रविवारी, एक डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता भावकू तिथं संच घेऊन बसेल आणि आई बोलेल. काय बोलणार ते मला सांगत नाही. गेले चार दिवस चुलीपुढं ओठ हलवत पाठ करते आहे. आम्ही काकतीपर्यंत आलो, बाळ. पुढचं तेवढं तू ये. ऐकून परत निपाणीला गेलास तरी मी काही म्हणणार नाही. पण तिथून घर अडीच कोसांवर आहे, आणि तारेचा चौथा तुकडा मी जोडलेला नाही. तो धुऊन-पुसून तुझ्या खुंटीला अडकवून ठेवला आहे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
अण्णा