बिनसाखरेचं कॅरॅमल

४ मार्च
आज जेवणानंतर माझ्यापुढे काकडी ठेवण्यात आली. काकडीशी माझं वैयक्तिक वैर नाही. ती ताटाच्या कडेला पडलेली असते तेव्हा मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो आणि तीही माझ्याकडे करते. परंतु पुडिंगच्या काचेच्या वाटीत, पुडिंगच्या चमच्यासह, पुडिंगच्या वेळेला काकडी येणे ही निव्वळ विटंबना आहे. चकत्या मात्र सगळ्या एका जाडीच्या. बायको वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे तपासते, त्यामुळे आमच्या घरी अन्यायसुद्धा मापात होतो.

कारण असं, की तिचा रक्ताचा रिपोर्ट आला. साखर वाढली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने देते. सरासरी खाली आली नाही तर गोळ्या, आणि त्या सहसा सुटत नाहीत. बायकोने त्याच दिवशी गोड बंद केलं. तिचं ‘बंद’ मला ठाऊक आहे. माझ्या आत्याशी तिने एकदा बोलणं बंद केलं होतं; आत्या जाऊन पाच वर्षं झाली, अजून सुरू केलेलं नाही.

लग्न झाल्यापासून जेवणानंतरचा अर्धा तास आमचा गोडाचा. दोन वाट्या, दोन चमचे आणि गप्पा. आता ती हात धुते, बूट घालते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पोहण्याच्या शिक्षिकेबरोबर फिरायला जाते. टेबलाशी उरतो मी आणि काकडी.

संकल्प: जगातले सगळे अभिजात गोड पदार्थ साखरेशिवाय आणि मैद्याशिवाय घरी करायचे. हेतू केवळ तिची प्रकृती. टेबलाचा याच्याशी काही संबंध नाही.

५ मार्च
खरेदी. बदामाचं पीठ, साखरेऐवजी घालायची एरिथ्रिटॉल नावाची पांढरी पूड आणि त्याच कामाचे स्टीव्हियाचे थेंब. किमती इथे लिहीत नाही, वाचून पुन्हा त्रास होईल. दुकानदाराने विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, संशोधन आहे. तो म्हणाला, मग छोटं पाकीट न्या. मी मोठं घेतलं.

संस्कृत घेऊन पदवीधर झालो त्याचा उपयोग आजवर फक्त विमा कंपनीच्या तक्रार विभागात ग्राहकांना भारदस्त नकार लिहिण्यासाठी झाला. आज प्रथमच खरा झाला. वैशेषिक दर्शनात ‘अभाव’ हाही एक पदार्थ मानला आहे. मला तो फक्त ओव्हनमध्ये घालायचा आहे.

९ मार्च, रविवार
कॅरॅमल पुडिंग. एरिथ्रिटॉल पातेल्यात घातलं, वितळलं. आता लाल होईल म्हणून उभा राहिलो. झालं नाही. गॅस वाढवला. नाही. दटावलं. नाही. पाण्यासारखं स्वच्छ राहिलं आणि गार होताच त्याची काच झाली. त्यावर दूध-अंडी ओतून पुडिंग केलं. उलटं केलं तर भांडं, पुडिंग आणि ताटली असे तिघेही एकजीव होऊन वर उचलले गेले.

बायको बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, अहो, फरशी बसवताय का? मग चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. म्हणाली, थंड लागतंय. मी म्हटलं, पुडिंग थंडच असतं. ती म्हणाली, हे अजून कोमट आहे आणि तरी थंड लागतंय, दात घासल्यासारखं. आणि गेली.

निष्कर्ष: ताजेपणा जाणवला.

उरलेलं वाया जाऊ नये म्हणून संपवलं.

१५ मार्च
बदामाच्या पिठाचा चॉकलेट केक. सुरी लावली आणि केकने एकत्र राहण्याचा विचार सोडून दिला. चमच्याने वाटीत भरला. परदेशी हॉटेलांत असा मुद्दाम करतात असं म्हणतात.

शिक्षिका बायकोला न्यायला आली होती. उभ्या उभ्या तीन चमचे खाल्ले, म्हणाली, काका, दमदार आहे. बाई आठवड्यात दोनशे मुलांना पाण्यात ढकलते, उगाच स्तुती करणारी नव्हे. बायको म्हणाली, माझा वाटा डब्यात भरून द्या, फिरून दमले की खाईन. डबा दिला. परत आला तो रिकामा, धुतलेला!

इलाज लागू पडतो आहे. मात्र खायचंच तर इथे बसून का खात नाही ते विचारायला हवं. विचारलं नाही. रुग्णाला टोकू नये.

२२ मार्च
स्टीव्हियाचा चीजकेक. कृतीत ‘पाच थेंब’ असं होतं. एवढ्या मोठ्या चीजकेकला पाच थेंब हा छापखान्याचा दोष असणार, म्हणून पाच चमचे घातले.

ऑफिसात नेला. हेडक्लार्क म्हणाले, सुरुवात गोड आहे. जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, अजून लागतंय. संध्याकाळी बॅग उचलताना म्हणाले, अहो, हे कधी थांबतं? टायपिस्टबाईंची बशी खिडकीतल्या कुंडीजवळ रिकामी सापडली. कुंडीवर लक्ष ठेवतो.

घरी मात्र बायकोचा डबा पुन्हा रिकामा, धुतलेला आला. एका घरात एक तरी रसिक आहे.

२ एप्रिल, दुपार
सुट्टी. आइस्क्रीम. या खेपेला साखरेऐवजी माल्टिटॉलची पूड. चव अगदी साखरेची, थंडपणा नाही, कडूपणा नाही. शोध संपला. पोटभर खाल्लं, मग पोटाला विसरून खाल्लं.

थोड्या वेळाने
पाकिटावर मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात लिहिलं आहे की जास्त खाल्ल्यास रेचक परिणाम होऊ शकतो.

आणखी थोड्या वेळाने
‘शकतो’ हा शब्द चुकीचा आहे. उत्पादकांना पत्र लिहीन.

नंतर
पत्र उद्या लिहीन.

११ एप्रिल
लेक दुसऱ्या शहरात शिकते, तिचा फोन. बाबा, आई हे सगळं खाते का, असं विचारलं. मी म्हटलं, डबा रिकामा येतो. ती म्हणाली, ते नाही, तुम्ही तिला खाताना पाहिलंत का? मी म्हटलं, वायू दिसत नाही म्हणून तो नाही असं आपण म्हणत नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही बारीक झालात की जाड? विषय भरकटत चालला म्हणून फोन बायकोकडे दिला. दोघी बराच वेळ बोलल्या. हसल्यासुद्धा. कशावर ते सांगितलं नाही.

पँटचं बटण तुटलं. हल्ली दोरा चांगला मिळत नाही.

२६ एप्रिल
लिफ्टमध्ये शिक्षिका भेटली. म्हणाली, काका, माझी स्पर्धेची मुलं तुमचे आभार मानतात, पण चीजकेक नको म्हणतात, केकच पाठवा. मी हसून मान डोलावली. बायको उदार आहे, एखादा घास मुलांना देत असणार. लिफ्ट आमच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत हे मला पूर्ण पटलं होतं.

३ मे
कॅरॅमलचा पराभव सलतो आहे. पुन्हा केलं. या वेळी एरिथ्रिटॉलमध्ये साखर घातली. एक चमचा. साखर म्हणून नव्हे, शिकवणी म्हणून. लाल कसं व्हायचं हे कोणीतरी करून दाखवल्याशिवाय त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

किंचित पिवळं झालं. बायको दारापर्यंत गेलेली, थांबली. नाकाने वास घेतला. बुटांसकट आत आली आणि खुर्चीवर बसली. पातेल्यात डोकावून म्हणाली, याला रंग कसा आला हो? मी म्हटलं, हात बसला. मग तिने तिच्या ऑफिसातली गंमत सांगितली. एका नकाशात जिना काढला होता, तो सरळ भिंतीत जात होता, आणि साहेबांनी त्यावर सही केली होती. आम्ही दोघं हसलो. मग शिक्षिकेने बेल वाजवली.

दहा मिनिटं असतील. फार छान पुडिंग झालं होतं.

११ मे
चार चमचे. रंग अधिक चांगला. ती पुन्हा बसली, पातेलं उजेडाकडे तिरपं करून बराच वेळ पाहिलं. लेकीच्या परीक्षेचं बोललो. तिचा वाटा डब्यात.

२० मे
एक वाटी. गडद लाल, कडेला थोडं काळपट, जसं असावं तसं. ‘कमी कार्बचं’ म्हणजे नेमकं कशापेक्षा कमी, हे कुठल्याही पुस्तकात स्पष्ट केलेलं नाही. पोत्यापेक्षा ही वाटी कमीच आहे.

आज ती बसली नाही. उभ्याने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, डबा द्या. आवाज जरा कोरडा होता. बाहेर धूळ फार आहे.

७ जून
आज डॉक्टरीणबाईंकडे निकाल. मी इस्त्रीचा शर्ट घातला. कृती लिहून नेल्या होत्या, त्यांनी मागितल्या तर असाव्यात.

बायकोची सरासरी उतरली. चांगलीच उतरली. गोळ्या नाहीत. बाई खूश होऊन म्हणाल्या, काय केलंत हो? मी घसा साफ केला. पण बायकोने आधीच उत्तर दिलं. म्हणाली, रोज चालले, आणि पहिल्या रविवारच्या चमच्यानंतर यांनी केलेल्या एकाही गोष्टीला हात लावला नाही.

डबा तीन महिने तरणतलावावर जात होता. पोहून आलेल्या मुलांना काहीही चालतं, चीजकेक सोडून.

मी म्हटलं, पण नंतर आणखी एक चमचा तरी चाखायचास, बिनसाखरेचं होतं. ती म्हणाली, मार्चमध्ये बिनसाखरेचं होतं. मेमध्ये लाल व्हायला लागलं. तुमचं ते पांढरं काही केल्या लाल होत नाही, हे मी पहिल्याच रविवारी पाहिलंय. तीन खेपांना तीन रंग, प्रत्येक आधीच्यापेक्षा गडद. अहो, मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, मला घरची दिसणार नाही?

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पोटाकडे पाहिलं. म्हणाल्या, उरलेलं कोण संपवत होतं? आणि माझं बोट टोचलं. रक्त घेतलं. संध्याकाळी निकाल फोनवर कळवला. बायकोचा मार्चमध्ये जो आकडा होता त्याच्यापेक्षा माझा मोठा आहे. तीन महिने दिले आहेत.

रात्री माझ्यापुढे काकडी. मी ती मुकाट्याने खाल्ली. सगळ्या चकत्या एका जाडीच्या होत्या.

९ जून
आजपासून मीही फिरायला. बायकोने शिक्षिकेला परस्पर सांगून टाकलं, आज आम्ही दोघंच जातो. हे मला आवडलं. बूट घालताना मनात बोलायला बरेच विषय गोळा केले. हेडक्लार्कांची बदली, कुंडीतलं रोप सुकलं ते, लेकीचं वसतिगृह.

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, चौकातून वळलो, परत आलो. विषय एकही निघाला नाही. चालताना समोर बघावं लागतं, एकमेकांकडे बघता येत नाही. ती म्हणाली, खड्डा आहे. मी म्हटलं, दिसला. चौकातून वळताना ती म्हणाली, एक विचारू? मला साखर चालत नाही हे माहीत असून तुम्ही माझ्याच वाट्यात साखर का घालत होतात? मी म्हटलं, रंग येत नव्हता. ती बरं म्हणाली.

साखर रंगासाठी नव्हती. थोडा रंग आला त्या दिवशी ती खुर्चीवर बसली, म्हणून पुढच्या खेपेला जास्त घातली, आणि त्याच्या पुढच्या खेपेला आणखी जास्त. ती खरंच खात असती तर काय झालं असतं, हा विचार मी येऊ दिला नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली म्हणून निभावलं.

माझ्या आकड्याची मला फारशी काळजी नाही, तो चालून उतरेल. मधे दोन वाट्या नसल्या की आम्हाला एकमेकांशी काय बोलायचं ते सुचत नाही, याची काळजी वाटते.