राखणदार खेकड्याची बदली

मुक्काम बेहड्याचा कोंड,
ता. पोलादपूर, मे १९९९

ती. मामांस,

गौतमीचा साष्टांग नमस्कार. (विठाबाईंच्या ओटीवर मोकळ्या जागेत शेळी आधीच आडवी झाली आहे, त्यामुळे साष्टांग मनातल्या मनात.) तुमचं पित्त कसं आहे? रात्रपाळी संपली का? मामींच्या कमरेला आराम पडला असेल अशी आशा करते. सवच्या गरम पाण्याच्या कुंडाचा गुण आला की तिथे भेटणाऱ्या बायकांशी मारलेल्या गप्पांचा, हे त्यांनाच विचारून कळवावं.

पत्रात मामाला 'तुम्ही' म्हणायचं अशी आईची सक्त ताकीद होती. ती एका परिच्छेदापुरती पाळली. आता तू. हे पत्र मी अगदी सहज लिहिते आहे, माझं काहीएक काम नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण भाचीचं पत्र आलं की तू खिसा चाचपतोस, असं मामी म्हणते.

तर मामा, तू ओळख काढून मला ज्या पाण्याच्या संस्थेत चिकटवलंस, तिथे 'महाडच्या ऑफिसात पंख्याखाली बसशील आणि जेवायला घरी येशील' असं सांगितलं होतंस. तो पंखा मी पाहिला. तो संस्थेच्या सुधीर सरांच्या डोक्यावर आहे आणि तिथेच राहणार आहे. आम्हा दोघींना दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये घालून आंबेनळीच्या रस्त्याला आणलं, एका वळणावर उतरवलं, वर बोट दाखवलं आणि जीप निघून गेली. दोघी म्हणजे मी आणि सेजल. सेजल घाटकोपरची. समाजकार्याचं शिकते. कांदा, लसूण तर सोडच, बटाटासुद्धा खात नाही, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर ती संपेपर्यंत उभी राहते. (डोंगरात मुंग्यांची रांग संपत नाही. पहिल्या दिवशी आम्हाला वर पोचायला दुपार झाली ती अशी.)

राहतो विठाबाईंकडे. विठाबाई म्हणजे वाडीतलं शेवटचं कोर्ट. कुणाची गुरं कुणाच्या वरकस जमिनीत शिरली इथपासून कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ बघावं इथपर्यंत निकाल त्याच देतात, अपील नाही. मुलगा मुंबईला असतो, घरात सून सुप्रियावहिनी. तिला सातवा महिना चालू आहे. झरा वाडीच्या वर, डोंगराच्या कुशीत. म्हणजे रिकामा हंडा घेऊन चढायचं आणि भरलेला डोक्यावर घेऊन उतरायचं, तेही निसरड्या मुरमावरून. मी एक दिवस एकच कळशी आणली तर दोन दिवस पायऱ्या दिसल्या की भीती वाटायची. वहिनी रोज आणते. एकदा झऱ्यावर आम्ही दोघीच होतो तेव्हा तिने हळूच विचारलं, "बाय, पावसाच्या आधी व्हईल का गो नळ? आता उतरताना पायाखालचं दिसत नाय मला." सासूसमोर मात्र ती यातला एक शब्द बोलत नाही.

बेत साधा होता. झऱ्याच्या तोंडावर सिमेंटची बंदिस्त पेटी बांधायची, तिथून पाइप टाकायचा, पाणी आपसूक उतरून वाडीत नळाला येणार. ना पंप, ना वीज. फक्त वाडीने बैठकीत होकार द्यायचा. तो होकार मिळवणं आणि पाणी तपासणं एवढंच आमचं काम.

तपासणीची छोटी बाटली असते. तीत पाणी भरून उबेत ठेवायची, काळी पडली तर पाणी पिण्याजोगं नाही. मी विठाबाईंना विचारलं, घरात सगळ्यात उबदार जागा कुठली? त्यांनी बाटल्या घेतल्या आणि नेऊन अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवल्या. आमच्या प्राध्यापकांना सांगू नकोस, पण कॉलेजातल्या यंत्रापेक्षा कोंबडीने चोख काम केलं. बाटल्या काळ्याकुट्ट झाल्या. विठाबाईंचं म्हणणं असं की बाटल्या पाण्याने काळ्या झाल्या नाहीत, कोंबडीला राग आला म्हणून झाल्या. कोंबडी माझ्यावर अजूनही धावून येते, त्यामुळे या मुद्द्यावर मी वाद घातला नाही.

मग आम्ही उत्साहाच्या भरात ठरवलं की बैठकीआधी झरा साफ करून दाखवायचा. पाला काढला, गाळ उपसला, दगड घासले. तळाशी एका कपारीत खेकडा होता. केवढा म्हणून सांगू, मामीच्या पोळपाटाएवढा. (बरं, वाटीएवढा. पण रागीट.) पिण्याच्या पाण्यात खेकडा! मी म्हटलं काढू या. सेजल म्हणाली काढू या, पण त्याला दुखवायचं नाही. बादलीत घालून, वर ओलं फडकं टाकून, वाटेत त्याच्याशी गुजरातीत बोलत ती त्याला पार खाली रस्त्यालगतच्या ओढ्यात सोडून आली. संध्याकाळी आम्ही दोघी स्वतःवर बेहद्द खूश होतो. एवढं खूश माणसाने होऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाई झऱ्यावरून आल्या त्या हंडा न टेकवताच ओरडत. "राखणदार कुठं हाय गो? कुनी नेला?" अख्खी वाडी ओटीसमोर जमली. तेव्हा आम्हाला कळलं ते असं की झऱ्यातला खेकडा म्हणजे झऱ्याचा राखणदार. तो आत उकरत राहतो म्हणून पाण्याची वाट मोकळी राहते. खेकडा गेला की झरा बुजला. पाणी जिवंत आहे ते त्याच्यामुळे, आणि आम्ही त्याची परस्पर बदली करून टाकली होती.

मी शास्त्र सांगायला उभी राहिले. भूजल, खडकातल्या भेगा, पावसाचं मुरणं, ओटीवर कोळशाने आकृतीसुद्धा काढली. सगळ्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. आणि त्याच आठवड्यात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. आता मामा, मे महिन्यात कुठलाही झरा आटतो, हे तुलाही कळतं, मलाही कळतं आणि खरं तर वाडीलाही कळतं. पण दर वर्षी आटतो तो आपला आपण आटतो. या वर्षी आटवायला दोन पोरी आल्या होत्या.

बैठक झाली. पेटीचं नाव काढलं तरी कुणी ऐकेना. विरोधात सगळ्यात पुढे कोण, तर विठाबाई. जिच्या घरात सातव्या महिन्यातली सून डोंगर उतरते ती! मला इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. (त्यांना पत्ताही लागला नाही. त्यांनी मला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.) सुधीर सर जीपने आले, लोकसहभागावर बोलले, आणि जाताना आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की महिनाअखेरपर्यंत होकार आला नाही तर सिमेंट आणि पाइप दुसऱ्या वाडीला जातील, पावसात इथे सामान चढत नाही. म्हणजे नळ पुढच्या उन्हाळ्यात. वहिनीचं बाळ तोवर रांगायला लागेल.

शेवटी भिकूदादांनी तोडगा काढला. भिकूदादा काळकाईचे पुजारी. म्हणाले, देवीलाच विचारू, कौल लावू. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना दोन कळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिला प्रश्न, राखणदाराशिवाय पेटी बांधली तर चालेल का? डावी कळी अशी टपकन पडली, जणू तयारीतच होती. दुसरा प्रश्न, दुसरा खेकडा आणून सोडला तर? यावर देवीने इतका वेळ घेतला की सेजल डोळे मिटून नवकार मंत्र म्हणायला लागली. उजवी पडली! मी चक्क टाळ्या वाजवल्या, भिकूदादांनी डोळे वटारले. अट एकच. ज्यांनी काढला त्यांनीच आणायचा.

तेव्हापासून मामा, स्वच्छ पाण्याच्या संस्थेतली माझी इंटर्नशिप म्हणजे खेकडे पकडणे. पकडायची रीत भिकूदादांनी शिकवली. बिळात हात घालायचा, तो बोट धरतो, मग त्याच्यासकट हात बाहेर काढायचा. मी विचारलं, दुसरी काही रीत? ते म्हणाले, "हाय की. त्यानं धरला नाय तर दुसरं बिळ." बिळात सेजलला बेडूक मिळाला, मला कुणाचा तरी हरवलेला विळा मिळाला. एकदाच खरा खेकडा हाताला लागला. अर्धी तर्जनी सुजवून मी तो मिरवत आणला, तर भिकूदादांनी उलटा करून पाहिला आणि म्हणाले ही खेकडी हाय, राखणीला बाई कशी चालंल? सेजलने तिथल्या तिथे स्त्री-पुरुष समानतेवर भाषण दिलं. मी म्हटलं, अहो, देवी स्वतः बाई आहे. ते म्हणाले, "म्हनून तर तिला राखणीला गडी पायजे." खेकडीला सोडून दिलं.

गडी मिळत नाहीत त्याचंही कारण आहे. मे महिन्यात सगळे मुंबईकर सुट्टीवर आले होते, आणि दगडाखालचे होते नव्हते तेवढे खेकडे रस्सा करून खाऊन परत गेले. उरलेले हुशार, ते खोल जाऊन बसले आहेत. पाऊस पडला की वर येतील. पण पाऊस पडला की सामान चढत नाही.

असो. तू काळजी करू नकोस. मी मजेत आहे, हवा छान आहे, वजन वाढलं आहे, बोट वाकतं आहे. आईला फोन केलास तर 'ती प्रयोगशाळेत रमली आहे' एवढंच सांग. मामीला नमस्कार. पित्त सांभाळ, आणि कंपनीच्या कँटीनमधली भजी बघूनच समाधान मान.

तुझी लाडकी (हे तूच म्हणतोस) भाची,
गौतमी

ता. क. १ : सहज आठवलं म्हणून लिहिते. तुझ्या पाळीला बिरवाडीकडून मोटरसायकलवर येणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यात खेकडे पकडणारा कुणीतरी असेलच. एक खेकडा हवा आहे. जिवंत. नर. गोड्या पाण्यातला, खाडीतला चालणार नाही, देवीला खारट आवडत नाही असं भिकूदादा म्हणतात. दोन्ही नांग्या शाबूत. पत्र्याच्या डब्यात ओलं गवत घालून, झाकणाला भोकं पाडून पोलादपूर गाडीच्या कंडक्टरकडे दे. आम्ही स्टँडवर येऊन घेऊ. आणि मामा, तुझा स्वभाव मला माहीत आहे. डबा मामीच्या स्वयंपाकघरातून नेऊ नकोस.

ता. क. २ : पत्र न्यायला खाली कुणी गेलं नाही म्हणून राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी सुप्रियावहिनी उतारावर घसरली. हंडा गडगडत थेट आमच्या दारापर्यंत आला, आणि मागून ती येईना. धावत वर गेलो तर ती मुरमात बसली होती, पोटाशी हात धरून. सुईण येऊन पाहून गेली, दोघंही ठीक आहेत. मी मात्र गोठ्यामागे जाऊन खूप रडले. विठाबाई उठल्या, पदर खोचला आणि एकट्याच काळकाईकडे गेल्या. परत आल्या तेव्हा भिकूदादांनी घाबरत विचारलं, माझ्याशिवाय कौल लावलात? त्या म्हणाल्या, "कौल कशाला लावू? मी इचारायला नाय गेलेली, सांगायला गेलेली." संध्याकाळी बैठकीत पहिला हात त्यांचाच वर गेला, आणि तो बघून बाकीच्यांचे. पेटी होणार, मामा! नळ पावसाआधी होणार! मात्र देवीला त्यांनी शब्द दिला आहे की राखणदार येतो आहे, महाडहून गौतमीचा मामा पाठवतो आहे. तुझी कंपनी आणि पाळीसुद्धा सांगून आल्या आहेत. आता तू आणि काळकाई काय ते बघून घ्या, मी मधे पडत नाही.

ता. क. ३ : एक नको, दोन पाठव. वहिनीला आज विचारलं, काय खावंसं वाटतं, तर ती लाजून म्हणाली, खेकड्याचा रस्सा. विठाबाई म्हणतात तो उष्ण, पण डोहाळ्यांना नाही म्हणू नये, चार घास चालतील. दुसरा कशासाठी ते सेजलला सांगितलेलं नाही, ती दोघांसाठी नावं शोधते आहे. राखणदाराच्या पायाला लाल दोरा बांध आणि विसरू नकोस. अदलाबदल झाली तर देवी एक वेळ समजून घेईल, वहिनी घेणार नाही.